चालताना विचारू नये

रावेत माझं गाव. फौजेत मी सॅपर होतो, म्हणजे सुरुंग, पूल आणि दारूगोळ्याचं काम करणारा जवान. नाईक झालो त्या वर्षी पोस्टिंग आलं ते चाकणच्या पलीकडं, भामा नदीच्या अंगाला. स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली होती. तिथल्या माळावर फौजेनं काही वर्षं मॉर्टरचा, म्हणजे उखळी तोफांचा, सराव केला होता आणि आता जमीन गावाला परत द्यायची होती. पण मॉर्टरचा प्रत्येक बाँब फुटतोच असं नाही. न फुटलेल्याला आम्ही ब्लाइंड म्हणतो. तो गवतात रुतून बसतो आणि वर्षानं पाय पडला तरी फुटतो. ते शोधून उडवायचे, एवढंच काम.

पाचला उठायचं, साडेसहाला माळावर. पांढऱ्या टेपनं जमिनीचे पट्टे पाडलेले असत. एका पट्ट्यात एक जवान. जागा नजरेनं तपासून मगच पाऊल टाकायचं, पावलं मोजायची, ब्लाइंड दिसला की लाल झेंडी रोवून आकडा ओरडायचा. मी बेसवर वही आणि वायरलेस घेऊन बसायचो. अकराला काम बंद. ऊन चढलं की नजर चुकते.

आमचे हवालदार तुकाराम निकम साताऱ्याकडचे. उंच, सडपातळ, कमी बोलणारे. माणसं कमी होती म्हणून ते स्वतः एक पट्टा घ्यायचे.

दुसऱ्या महिन्यात पहिला अपघात झाला. लान्स नाईक दत्तू पवार एका ब्लाइंडला स्फोटक लावायला वाकले आणि तो तिथंच फुटला. पवारांचं कमरेच्या वर काही राहिलं नाही. आठ हातांवरचे निकम उचलून खडकावर आपटले गेले. मी पोचलो तेव्हा त्यांच्या कानांतून रक्त येत होतं आणि छातीवर पवारांच्या मांसाचे तुकडे होते. मला म्हणाले, "दत्तूला बघ." बघण्यासारखं काही नव्हतं. पवारांना आम्ही दोन ग्राउंडशीटमध्ये गोळा केलं.

निकम दोन महिने हॉस्पिटलात होते. डॉक्टरांनी खुर्चीत बसवून नाव, नंबर, पाढे, सगळं विचारलं. सगळी उत्तरं बरोबर आली. परेडवर त्यांचं पाऊल पूर्वीसारखंच पडत होतं. फिट म्हणून आधी सुट्टीवर घरी आणि मग परत आमच्याकडं पाठवलं.

ते आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी लंगरकडं जेवायला जाताना मी सहज विचारलं, "हवालदार, उद्या किती पट्टे घ्यायचे?"

ते जागच्या जागी थांबले. "पाच," म्हणाले आणि चालू लागले. मी पुन्हा काही विचारलं. पुन्हा थांबले. दिवसभर पाहिलं. चालता चालता त्यांना बोलता येत नव्हतं, आणि हट्टानं बोललेच तर पाय वाकडा पडायचा. एकदा सपाट रस्त्यावर ठेचकाळले.

संध्याकाळी मी त्यांना बाजूला घेतलं. "डॉक्टरला सांगू या."

"न्हाई." मग म्हणाले, "डाक्टरांच्या बोर्डापुढं न्हेतील. घरी धाडतील. भोंडवे, मला दुसरं काय येतं?"

"पण पट्ट्यात?"

"पट्ट्यात कोण बोलतंय? मोजायचं तेवढं तू मोज. मी चालतो."

मी कबूल झालो. त्यांच्या पट्ट्यात पावलं मी बेसवरून मोजू लागलो. नियम एकच ठरवला. काही विचारायचं असेल तर आधी "थांबा" ओरडायचं, ते उभे राहिले की मग विचारायचं. सात आठवडे हे बिनचूक चाललं. त्या सात आठवड्यांत सगळ्यात जास्त ब्लाइंड त्यांनीच शोधले.

हे काय होतं ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं. माझ्याच एका दुखण्यासाठी पुण्यात डॉक्टरांकडं गेलो होतो, तेव्हा त्यांना विचारलं. ते म्हणाले, चालणं आपोआप होतं असं आपल्याला वाटतं, पण मेंदूचं त्याकडं सतत लक्ष असतं. धडधाकट माणसाच्या मेंदूत त्यातूनही हिशोबाला, बोलण्याला जागा उरते. मार बसलेल्या मेंदूत ती उरत नाही. मग तो दोनांपैकी एक काम सोडतो. शहाणा असेल तर पाय थांबवतो.

माळावरच्या शेवटच्या दिवशी पाचच पट्टे उरले होते. जमीन ताब्यात घ्यायला आलेले गावकरी अर्ध्या मैलावर रस्त्याला बसले होते. कॅप्टनसाहेब तिथंच जीपपाशी दुसरा वायरलेस घेऊन होते, सोबत ॲम्ब्युलन्स. निकम तीन नंबरच्या पट्ट्यात, सॅपर गणपत जाधव चार नंबरात, निकमांच्या तीस पावलं पुढं.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी गणपतच्या पट्ट्यात स्फोट झाला. माती खाली बसली तेव्हा गणपत पालथा पडला होता. उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. बूट लांब टेपवर पडला होता, आत पाऊल होतं. तो आईला हाका मारत होता. असा आवाज मी त्याआधी डुकराचा ऐकला होता, माणसाचा नाही.

मी बाकीच्यांना ओरडलो, "जिथं आहात तिथंच उभे राहा!" सगळे थिजले. निकम मात्र निघाले. गणपतच्या सगळ्यात जवळ तेच होते. मधली जमीन तपासलेली नव्हती. ते खाली बघत, एकेक पाऊल टाकत टेप ओलांडून गेले. एवढं रक्त वाहत असताना त्यांनी घाई केली नाही.

वायरलेसवर कॅप्टनसाहेब आले. "बेस, रिपोर्ट. ओव्हर."

"एक कॅज्युअल्टी सर, पाय गेला. हवालदार निकम जा रहे हैं. ओव्हर."

"स्ट्रेचर भेजना है. रास्ते में ब्लाइंड कितने हैं? ओव्हर."

"इधर से नहीं दिखता सर. ओव्हर."

"निकम से पूछो! जल्दी! ओव्हर."

गणपत ओरडत होता. साहेब कानात ओरडत होते. मी उभा राहिलो आणि हाताचा कर्णा करून ओरडलो, "हवालदार! पुढं ब्लाइंड किती दिसतायत?"

"थांबा" म्हणायचं राहिलं.

एरवी ते थांबलेच असते. सात आठवडे थांबत होते. पण गणपत सहा-सात पावलांवर होता. निकमांनी मान वर केली, चालता चालताच म्हणाले, "दोन—"

आणि फुटला.

आकडा बरोबर होता. तिथं दोनच होते. त्यांना दोन्ही दिसले होते. एकावर त्यांचा पाय पडला.

धूर गेला तेव्हा निकम बसल्यासारखे दिसत होते. पोट उघडं पडलं होतं. दोन्ही हातांनी ते आत धरायचा प्रयत्न करत होते. मी वायरलेस टाकला आणि त्यांच्याच पावलांवर पाऊल ठेवत गेलो. मागं सेट बोलत होता, "बेस, बेस, आन्सर मी." मी उत्तर दिलं नाही. पोचलो तेव्हा त्यांचे हात सुटले होते. डोळे उघडे होते. दुसरा ब्लाइंड हातभर अंतरावर होता. त्याला वळसा घातला, गणपतची मांडी कमरेच्या पट्ट्यानं आवळली आणि त्याला पाठीवर घेऊन, आलो होतो त्याच वाटेनं परतलो. अकराला तो ॲम्ब्युलन्समध्ये होता. गणपत जगला. पुढं गावी त्यानं शिलाईचं दुकान टाकलं.

चौकशी बसली. विचारलं, "हवालदार निकममध्ये काही दोष असल्याचं तुम्हाला माहीत होतं?"

"नो सर," मी म्हणालो.

खोटं होतं. निकमांचं नाव राखायला बोललो असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. स्वतःलाही वाचवलं, हे त्यातलं उरलेलं खरं.

रजा मिळाल्यावर त्यांच्या गावी गेलो. निकमवहिनी ओसरीवर जोंधळे पाखडत होत्या. मी बसलो. त्यांनी पाणी दिलं आणि विचारलं, "शेवटी काय बोलले?"

"दोन, म्हणाले."

"दोन काय?"

मग सगळं सांगितलं. खडकावर आपटल्यापासून, आमच्या ठरावापासून, मी विचारलेल्या प्रश्नापर्यंत.

"तुमी न्हाई इचारलं असतं, तर?"

"पोचले असते, वहिनी."

त्यांनी सूप खाली ठेवलं. मी उठायच्या बेतात होतो.

"हास्पिटलातनं सुट्टीवर आले व्हते ना," त्या म्हणाल्या, "तवा मला बी कळलं व्हतं. चालताना हाक मारली की थांबायचे. वळून बघायचे. पयलं कवा थांबत नव्हते, पुढं चालतच बोलायचे. मला वाटलं, मानूस मरता मरता वाचलंय, मया वाढली आसंल." पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "मग मी काम नसलं तरी हाक मारायची. दिवसातनं धा-धा येळा."

त्यांनी जेवून जायला सांगितलं. मी जेवलो.

लान्स नाईक दत्तू पवार. हवालदार तुकाराम निकम, वय तेहेतीस. उरलेले पट्टे आम्ही तपासून दिले आणि त्या माळावर त्यानंतर कोणाचा पाय गेला नाही. त्याच वर्षी गावानं तिथं बाजरी पेरली.