खुनी कोण ते सांगणारा गुरुसिद्धा

गुरुसिद्धा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी सोलापुरात दाढी करून घेत होतो. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून ताडकन उठलो. न्हावी बिचारा घाबरला, त्याला वाटलं वस्तरा लागला. हा प्रवेश गुरुसिद्धाला फार आवडला असता...

नळदुर्गाच्या अलीकडं आमचं गाव. तिथं त्याचं तेलाचं दुकान माझ्या कापडाच्या दुकानाला लागून. दिवस निजामी अमलातले. सुगी झाली की माळावर सिनेमाचा तंबू पडायचा, आणि सिनेमा चांगला की वाईट हे दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलात गुरुसिद्धा ठरवायचा. पडद्यावरची माणसं तो आमच्या राज्यात आणून बसवी. कोर्टातला जज्ज म्हणजे मुन्सिफ, पोलिस इन्स्पेक्टर म्हणजे अमीन. आमच्याकडं फौजदाराला अमीनच म्हणत.

त्या साली एक झकपक रहस्यपट आला. हॅटवाले पुरुष, मोटारी, सिगारेटचा धूर, अर्धे चेहरे काळोखात आणि घडीघडीला कथेची कोलांटी. गावाचं मत वाईट पडलं. पैलवान म्हणाला, "कुस्ती एक बी न्हाय." भजनीबुवा म्हणाले, "कंपनीला दिव्याला घासलेट मिळालं न्हाय वाटतं." गुरुसिद्धा उसळला. "आरं येड्यांनो, अंधार मुद्दाम ठिवलाय! लई मोठं चित्र हाय. शेवटाला कळतंय, खुनी अमीनच. ज्यानं पंचनामा केला, त्योच!"

हॉटेलातल्या बश्या ओठांवरून खाली आल्या. कारण त्याच आठवड्यात गावातल्या भीमरावांचा तरणा मुलगा विहिरीत मेलेला सापडला होता. तिरंगा लावला म्हणून त्याला ठाण्यात नेलं होतं, ते सगळ्यांनी पाहिलेलं. 'बुडून मेला' असा पंचनामा केला होता खऱ्या अमीनानं. खरं काय ते गावाला ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं. गुरुसिद्धा त्या सकाळी सिनेमाबद्दल बोलला की पोराबद्दल, हे मी पुढं त्याला कितीदा विचारलं. तो नुसता मिश्कील हसायचा.

कोपऱ्यात चहा पिणाऱ्या शिपायानं मात्र अर्थ लावून टाकला. त्याच संध्याकाळी अमीन जातीनं तंबूत आला, पुढं खुर्ची टाकून बसला. पायाशी गुरुसिद्धा, हात बांधलेला. भीमरावांनाही मुद्दाम बोलावून समोर बसवलं होतं. पडद्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं, सगळं गाव अमीनाच्या तोंडाकडं बघत होतं. शेवटी, खुनी उघडा पडायच्या क्षणी, पडद्यावरच्या इन्स्पेक्टरनं हातमोजा काढायला घेतला, तोच अमीन ओरडला, "बंद करो!" बत्त्या लागल्या.

"अब बोल सबके सामने. खूनी कौन?"

चित्रातला 'घरगडी' म्हटलं असतं तरी सुटला असता. मी मनातल्या मनात तेच घोकत होतो... घरगडी म्हण, घरगडी म्हण. गुरुसिद्धानं भीमरावांकडं पाहिलं. मग रंगभूमीवर उभा असल्यासारखा घसा साफ केला.

"साहेब, म्या सकाळी सांगितलं त्येच. अमीन."

भीमराव तेवढे उठून उभे राहिले आणि त्यांनी त्याला हात जोडले.

तिथूनच त्याला नेलं. परत आला तेव्हा उजवा कान कायमचा गेला होता, आणि डाव्यानं जेमतेम ऐकू येई. राज्य बदललं, तंबू गेले, सोलापूरची थेटरं आली. आम्ही जात राहिलो. मी त्याच्या डाव्या हाताला बसायचो, उजवीकडं वाकून त्याच्या कानात संवाद सांगायचो. खुनाचं चित्र असलं की मध्यंतराआधी खुनी ओळखायची आमची पैज, आणि जो आधी ओळखील त्यानं नाव सांगून टाकायचं.

गेल्या आठवड्यात एकटाच गेलो. तसलंच चित्र, धूर आणि काळोख. मध्यंतराच्या जरा आधी मला खुनी सापडला. आनंदानं उजवीकडं वाकलो आणि नाव सांगितलं.

शेजारचे गृहस्थ भडकले. "अहो, सगळी मजा घालवलीत की!"

"माफ करा," मी म्हणालो, "तुम्हाला नव्हतं सांगितलं."