होडी परत फिरली नव्हती

आमच्या धुळ्याच्या गल्लीत उन्हाळ्यात बिबड्या घालायच्या तर बायका पाळीपाळीने एकमेकींच्या घरी जमायच्या. तीन दिवस भिजवलेली ज्वारी दळून आणायची, पहाटे मोठ्या पातेल्यात तिचा घाटा शिजवायचा आणि ऊन तापायच्या आत ओल्या फडक्यावर थापून एकेक बिबडी खाटेवर अंथरलेल्या लुगड्यावर उलटायची. हात गुंतलेले आणि तोंडं मोकळी. तोंडं फार मोकळी राहिली की भांडणं होतात, म्हणून शेजारच्या काकूंनी एका वर्षी ठरवलं, की कुणीतरी बसून काहीतरी वाचायचं. आधी पोथी झाली. पोथी संपल्यावर वाचायचं काम माझ्याकडे आलं, कारण बारावीची परीक्षा देऊन मी रिकामा होतो आणि माझा आवाज बरा होता. बदल्यात वाटीभर गरम घाटा मिळायचा, वर कच्चं तेल.

पंच्याऐंशीचा उन्हाळा असेल. आम्ही घरात चौघं. नाना एस.टी.त मेकॅनिक. मायची उजवी बाजू गेलेली, ती अंथरुणावर. अक्का माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. दहावीला तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण आमच्या घरात ते पुन्हा कुणी बोललं नाही. तिच्या निकालानंतर महिन्याभरात मायला झटका आला आणि अक्काची शाळा तिथेच थांबली. मायला उठवणं, न्हाऊ घालणं, भरवणं, दर दोन तासांनी कुशीवर वळवणं, हे सगळं तिच्याकडे. मी नळावरून पाणी भरायचो आणि भरलं म्हणून दोनदा सांगायचो.

मला जळगावला डिप्लोमाला जायचं होतं. आपण जाणारच असं मी धरून चाललो होतो.

मे महिन्यात पोस्टमनने एक पत्र माझ्या हातात दिलं. नाव अक्काचं होतं, तरी मी ते फोडलं. जळगावला नर्सच्या प्रशिक्षणासाठी तिने अर्ज केला होता. प्रतीक्षा यादीतून तिचं नाव वर आलं होतं आणि पंधरा दिवसांत हजर व्हायचं होतं.

मला पहिल्यांदा काय वाटलं ते खरं सांगतो. मला वाटलं, हिने मला फसवलं. अक्का मला सगळं सांगायची. वाण्याने वजनात कसं मारलं, मायने अर्धवट शब्दांत कुणाची चौकशी केली, कोणत्या मुलीचं कुठे जमलं, सगळं. अर्ज मात्र तिने काकूंच्या घरी बसून भरला होता. मी पत्र तिच्यापुढे टाकलं. तिने ओले हात पदराला पुसले, पत्र दोनदा वाचलं.

“लागलं भाऊ नाव,” ती म्हणाली.

“मला सांगितलं नाहीस.”

“नसतं लागलं तर हसला असतास. आता हस.”

नाना कामावरून आल्यावर तिने त्यांना पत्र दाखवलं. नखातलं ग्रीस काडीने काढत त्यांनी ऐकून घेतलं. “दोघं गेले तर हिच्याकडे कोण?” ते मायकडे बघून म्हणाले. “एक जण जा. कोण, ते तुम्ही दोघं ठरवा. माझ्या तोंडून मी काही म्हणणार नाही.”

दुसऱ्या दिवशी विहिरीवरून येताना अक्काने मला अडवलं. डोक्यावर धुणं, तरी ती थांबली. “दीड वर्षाचाच कोर्स शे रे. दीड वर्षं तू माय सांभाळ, इथेच कॉलेजात नाव घाल. सकाळचं न्हाऊ-माखू काकू करून देते म्हणताहेत. मी नोकरीला लागले की तुझं पुढचं शिक्षण मी करते. पाहिजे तर लिहून देते.”

“बघू,” मी म्हणालो.

त्या ‘बघू’चं काय झालं, तेच मला सांगायचं आहे.

वाचनालयातून मी त्या आठवड्यात एक कुमारांसाठीची कादंबरी आणली होती. आणली ती केवळ पातळ होती म्हणून. पुठ्ठा हिरवा, कोपरे कुरतडलेले. तिचं नाव मी लिहीत नाही. तिच्यावर माझ्यामुळे डाग नको. गोष्ट एका नावाड्याच्या मुलीची होती. बाप आजारी पडल्यावर तेरा-चौदा वर्षांची ती पोर होडी वल्हवते, सगळ्या गावाला पैलतीरी पोचवते. पैलतीरी शाळा असते. तिथे ती रोज लोकांना सोडते आणि परत फिरते. गुरुजी तिला बोलावतात, राहायची सोय करतो म्हणतात. घरी धाकटा भाऊ असतो, त्याला वल्हवता येत नाही.

चार सकाळी मी ती कादंबरी वाचली. बायका गुंगल्या. पलीकडच्या आबांची म्हातारी तर मला बघितलं की विचारायची, “ती पोर गयी का रे पल्याड?” अक्का मान खाली घालून ऐकायची आणि मी पान उलटायला थांबलो की तिचा हातही थांबायचा.

पाचव्या दिवशी आमच्या घरच्या बिबड्या होत्या आणि शेवटचं प्रकरण उरलं होतं. आदल्या दुपारी सगळे निजलेले असताना मी ते एकटाच वाचायला बसलो. शेवटी भाऊच म्हणतो, तू बस, आज वल्हं माझ्याकडे दे. ती मुलगी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या होडीत उतारू म्हणून बसते. भावाला जमत नाही. होडी मध्यावर दोनदा गोल फिरते. ती वल्ह्याकडे हात नेते आणि मागे घेते. हात मांडीखाली दाबून बसते. भाऊ घामाघूम होतो, चुकतो, पुन्हा मारतो, आणि होडी वेडीवाकडी का होईना, पैलतीराला लागते. ती उतरते. तो होडी घेऊन एकटा परत जातो आणि ती काठावर उभी राहून बघते.

मी रडलो. माळ्यावर गोधड्यांच्या ढिगात तोंड लपवून रडलो. पुढे आयुष्यात बरंच वाचलं, पण एखादं पुस्तक तसं अंगात शिरल्याचं मला आठवत नाही. तो भाऊ मीच व्हायला हवं, हे मला त्या घटकेला कळलं होतं. आणि त्याच घटकेला दुसरंही कळलं. हे उद्या अक्काने ऐकलं तर ती जाणार.

सकाळी मी अंगणात पुस्तक उघडून बसलो. अक्का माझ्या समोरच थापायला बसली होती. आतल्या खोलीचं दार मायसाठी उघडं ठेवलं होतं. नानांची दुपारची पाळी होती, ते उंबऱ्यावर बसले होते. होडी मध्यावर येईपर्यंत मी छापलेलं वाचलं. ती दोनदा गोल फिरली, तेही वाचलं. तिथून पुढे माझे डोळे पानावर होते, पण शब्द माझे होते.

मी वाचलं, की भावाच्या हातून वल्हं सुटलं. मग थांबलो, कारण पुढचं वाक्य जुळत नव्हतं. मग वाचलं, की तो घाबरून रडायला लागला. पुन्हा थांबलो. माझा आवाज फुटला, तो भीतीने. मग वाचलं, की मुलीने वल्हं उचललं, भावाला जवळ घेतलं, पैलतीराकडे एकदा बघितलं आणि होडी परत फिरवली.

मग आबांची म्हातारी म्हणाली, “बरं जयं माय. परत उनी ती.” काकू मात्र नाराज झाल्या. “हा कसला शेवट? लिहिणाऱ्याला अक्कल नाही.” अक्काच्या हाताखालची बिबडी थापून थापून इतकी पातळ झाली होती, की खालचं फडकं दिसत होतं. ती म्हणाली, “पुस्तक राहू दे रे घरी. दुपारी मी वाचीन एकदा.”

“आज परत करायची तारीख आहे,” मी म्हणालो. सहा दिवस बाकी होते. घाटाही न खाता मी भर उन्हात सायकल काढली आणि पुस्तक परत देऊन आलो.

दोन दिवसांनी अक्काने नानांना सांगितलं, “भाऊ जाईल.” पत्र तिने ट्रंकेत तळाशी ठेवलं. नानांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. त्यांना काय कळलं होतं, हे मी कधी विचारलं नाही. ते गेले तेव्हाही नाही.

मी जळगावला गेलो. डिप्लोमा झाला, तिथेच एका कारखान्यात नोकरी लागली. माय दोन वर्षांनी गेली. अक्काचं लग्नही जळगावातच झालं, दालमिलमधल्या एका मुनीमाशी. माणूस चांगला. रविवारी मी तिच्याकडे जेवायला जायचो. पाटावर बसलो की ती पहिली भाकरी मला वाढायची. शेजारणींना सांगायची, “माझा भाऊ वाचायचा ना, तर बायका काम विसरायच्या.” ते ऐकताना मी पाणी प्यायचो.

तिला मी सांगू शकलो असतो. दर रविवारी सांगू शकलो असतो. माय गेल्यावर, तिचं लग्न ठरल्यावर, पोरगी झाल्यावर. आता सांगून काय उपयोग, असं दर वेळी वाटायचं, आणि त्या विचाराचा मला आधारही वाटायचा.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. भाची सहावीत होती. एका रविवारी मी दारात सायकल लावत होतो, तर ती धावत आली. “मामा, तू आईला वाचून दाखवलेलं पुस्तक आमच्या शाळेच्या लायब्ररीत निघालं. आईने ओळखलं. शेवट किती भारी आहे रे. भाऊ तिला सोडून येतो.”

आत अक्का खाटेवर बसली होती. तिचे हात रिकामे होते. तिला तशी बसलेली मी कधी बघितली नव्हती. तिने पोरीला शेजारी पाठवलं आणि हिरव्या पुठ्ठ्याचं पुस्तक माझ्यापुढे केलं. दुसरी प्रत होती, कोपरे धड होते.

“वाच,” ती म्हणाली. “शेवटचं.”

“अक्का...”

“वाच भाऊ. मी वाचलंय. तुझ्या तोंडून ऐकायचंय.”

मी वाचलं. होडी दोनदा फिरली. तिने वल्ह्याकडे हात नेला, मागे घेतला, मांडीखाली दाबला. होडी काठाला लागली. एकही शब्द मी गाळला नाही. अक्का तशीच मान खाली घालून ऐकत होती, अंगणात ऐकायची तशी.

संपल्यावर तिने मला पुस्तक मिटू दिलं. मग म्हणाली, “तेव्हा तू मध्येच थांबला होतास. दोनदा. आवाज फुटला होता तुझा.”

“पुढचं सुचत नव्हतं.”

“मला वाटलं तुला रडू येतंय.” तिने पहिल्यांदा वर बघितलं. “पुस्तकाचं काय रे. पुस्तकात कुणी जातं, कुणी राहतं. पुस्तक ऐकून मी राहिले असते होय? ट्रंक भरून ठेवली होती मी, काकूंना माहीत होतं. पण मला वाटलं, आपण निघालो तर हे पोरगं असं तुटेल. मी तुझ्या आवाजावर राहिले, भाऊ.”

मी म्हणालो, की मला जायचं होतं. मी घाबरलो होतो. मी लहान होतो. शेवटचं मी म्हणायला नको होतं.

“मी किती मोठी होते?” तिने विचारलं.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. इतक्या वर्षांत तिने मनातल्या मनात कधी मला माफ केलं असेल, तर ते न केलेल्या रडण्यासाठी. मी केलेली गोष्ट तिला माहीतच नव्हती. चौदा वर्षं ती एका रडणाऱ्या भावाला भाकरी वाढत होती, आणि तो भाऊ त्या अंगणात बसलाच नव्हता.

माझ्या हातातून तिने पुस्तक घेतलं, पोरीच्या दप्तरात ठेवायला उठली आणि दाराशी थांबली.

“उद्या परत करायचंय,” ती म्हणाली. “तारीख खरंच उद्याची आहे. मागे शिक्का आहे. बघ पाहिजे तर.”

तिने पुस्तक तसंच पुढे धरून ठेवलं होतं. मी मागचं पान उघडून तारीख बघितली.