बांबूचा पांढरा कागद

लाकडाच्या धाग्यांविषयी आमच्या आतोबांनी जेवढा विचार केला, तेवढा खुद्द झाडांनीही केला नसेल. ठाण्याच्या शाळेत ते गणित शिकवत. पण नौपाड्यातल्या त्यांच्या परसात कागद करण्यासाठी सदैव कसला तरी लगदा रटरटत असे. लग्नाला गेले तरी पानावर बसण्याआधी मांडवाचा बांबू नखाने सोलून पाहत. केळीचा धागा रंग उडवायच्या भुकटीच्या पहिल्याच पाण्यात उजळे, म्हणून ती 'गरीब गाय'. साग म्हणजे 'मामलेदार'. कितीही विनवा, रंग बदलायचा नाही. पण खरं वैर बांबूशी. "धाग्याची भिंत जाड, वर चिकाचं लिंपण! औषध आत शिरणार कुठून?" असं ते जेवताना मला विचारत, जणू ते लिंपण मीच केलं होतं. भुकटी थोडी घातली तर कागद पिवळाच राही. जास्त घातली तर पांढरा होई, पण हातात घेताच त्याचे तुकडे पडत. "उजळला, पण जीव गेला," म्हणत ते सुतक आल्यासारखे बसत.

वासाने त्रासलेल्या शेजाऱ्यांनी अखेर हेडमास्तरांकडे तक्रार केली. हेडमास्तर आतोबांना म्हणाले, "परवा तपासणीला साहेब येताहेत. त्यांना पांढरा, टिकाऊ कागद दाखवा. नाहीतर हा उद्योग बंद."

दुसऱ्या दिवशी आतोबा शाळेत असताना मी सहज डोकावलो, तर आत्या त्यांचं जुनं धोतर, लाल काठ कापून, उखळात कुटत होती.

"बघत काय राहिलास? मुसळ घे!"

दुपारभर आम्ही कुटलं. तो लगदा तिने गुपचूप बांबूच्या उजळलेल्या लगद्यात मिसळला. संध्याकाळी आतोबांनी त्याचाच कागद काढला. दुसऱ्या दिवशी शाळेत साहेबांनी त्यावर सही केली, ओढून पाहिला. फाटला नाही.

"निव्वळ बांबू!" आतोबा छाती काढून म्हणाले.

घरी येऊन त्यांनी कागद उजेडात धरला. मधोमध एक लाल दोरा होता. ते बराच वेळ पाहत राहिले. आत्या मान खाली घालून तांदूळ निवडत होती.

"काय पाहताय एवढं?"

"काही नाही गं. बांबूत असाही एखादा धागा निघतो."

त्यानंतर परसातली चूल पेटली नाही. आतोबा संध्याकाळी ओटीवर नुसते बसू लागले. शेजारी म्हणाले, सुटलो. महिनाभराने आत्याने मला मुद्दाम बोलावून घेतलं आणि हळूच म्हणाली, "अरे, त्यांना काहीतरी उकळायला आणून दे रे. घर फार शांत झालंय."