माझा निबंध मालगुजाराच्या पोरानं वाचला

प्राध्यापकांनी पेन्सिल तासायचं ब्लेड घेतलं आणि निबंधावरचं माझं नाव कापून काढलं. माझ्यासमोर. तो कपटा बोटानं उडवला आणि म्हणाले, "महाराच्या तोंडून इंग्रजी ऐकायला पाहुणे आलेले नाहीत. हा वाचेल."

हा म्हणजे आमगावकडच्या आमच्याच गावच्या मालगुजाराचा पोरगा. माझ्याच वर्गात, बी.ए.ला. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती, पण तोरा तसाच. गोंदियात परिषद भरली होती. कॉलेजाकॉलेजातली इंग्रजीची पोरं आपापलं संशोधन वाचणार होती. माझा विषय, धानाच्या रोवणीची गाणी. मायच्या तोंडची चाळीस गाणी मी लिहून घेतली, इंग्रजीत आणली. अख्खं वर्ष गेलं त्यात. आणि मला बसवलं दाराशी, सगळ्यांच्या चपलांजवळ.

त्यानं झोकात वाचलं. अध्यक्षांनी विचारलं, हे गाणं कोणत्या कामाच्या वेळी म्हणतात? तो म्हणाला, कापणीच्या. ज्याच्या धानाच्या बांधीत माझी माय चिखलात वाकून, रोपं रोवत ते गाते, त्याला एवढंही ठाऊक नाही! माझं डोकं सणकलं. उठलो आणि इंग्रजीत ओरडलो, "हे खोटं आहे. निबंध माझा आहे."

प्राध्यापक धावत आले. कानाखाली वाजवली. दुसऱ्यांदा उगारलेला हात मी धरला आणि पिरगाळला. ते किंचाळले. मग मालगुजाराचा पोरगा आणि आणखी तिघं माझ्यावर तुटून पडले. केस धरून अंगणात फरफटत नेलं. बुटांच्या लाथा. पुढचा दात तुटला. मी त्या पोराच्या मनगटाला कडकडून चावलो, रक्त निघेपर्यंत सोडलं नाही. बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

दोन दिवसांनी कॉलेजातून निरोप आला. प्राध्यापकांचे पाय धरून माफी माग, नाहीतर परीक्षेचा फॉर्म जाणार नाही.

बाप रडला. "धर ना बाबू पाय. सायेब होशीन."

माय चुलीपासून उठलीच. "हा कायले पाय धरन? चोरी का यानं केली?"

मी पाय धरले नाहीत. फॉर्म गेला नाही. वर्ष बुडालं. सुजलेल्या तोंडानं मी बापाला म्हणालो, "दुसऱ्या कॉलेजात जाईन, बाबा. अन् पुढच्या परिषदेत मीच वाचीन. जो हात उचलन, त्याचा हात मोडीन. मग वाचीन."