वीतकाकूंचा डावा हात

कात्री उजव्या हातात असते हे खरं, पण कापड कापतो तो डावा हात, असं वीतकाकू म्हणत. ऐकणाऱ्याला वाटे, बाई कोड्यात बोलतेय. कोडंबिडं काही नव्हतं. कापड टेबलावर पसरलं की डावा तळवा त्यावर सपाट ठेवायचा आणि कात्री पुढे जाईल तसतसा तोही पुढे सरकवायचा. तो ढिला पडला तर कापड हलतं, आणि हललेल्या कापडाचा कोट जन्मभर एका खांद्याने रुसून बसतो.

नावही त्यांना या डाव्या हातानेच मिळवून दिलं होतं. माप त्या टेपनेच घेत, पण टेपवर त्यांचा पुरता भरवसा कधीच नव्हता. टेप गुंडाळून झाली की गिऱ्हाइकाच्या पाठीवर डाव्या हाताची वीत टाकायच्या, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. "टेपला लांबी कळते. माणूस पोक काढून चालतो की ताठ, ते हाताला कळतं," असं त्यांचं म्हणणं. गिऱ्हाइकं आधी दचकायची, मग कोट अंगात घालून बघायची आणि पुढच्या वेळी स्वतःहून पाठ करून उभी राहायची.

दुकान म्हणजे राहत्या घराची पुढची खोली. रस्त्याकडे मोठी काच, काचेलगत काकांचं शिलाई मशीन आणि मधोमध ते टेबल, दोन माणसं ऐसपैस झोपतील एवढं. काकू कापायच्या, काका शिवायचे. "ही तोडते, मी जोडतो, म्हणून संसार टिकलाय," हा काकांचा विनोद सगळ्या गल्लीला पाठ होता आणि काकू सोडून सगळे त्याला अजून हसत.

मग एका सकाळी काकूंच्या हातून खडू पडला. वाकून उचलायला गेल्या तर अंगाची डावी बाजू सोबत येईना. शेजाऱ्याने गाडी काढली, काकांनी त्यांना वेळेत दवाखान्यात पोचवलं, म्हणून जीव वाचला. पुढे पाय काठीच्या आधाराने चालू लागला. वाकडं झालेलं तोंड सरळ झालं आणि बोलणं तर, काकांच्या मते, पूर्वीपेक्षा जोरात सुरू झालं. हात मात्र हटून बसला. बोटं आत वळली, अंगठा त्यांच्याखाली दडपला आणि मूठ मिटली ती मिटलीच. नखं तळव्यात रुतायची. ओला कपडा पिळावा तशा दंडापासून मनगटापर्यंत कळा यायच्या. गोळ्या झाल्या, सुया झाल्या, शेकून झालं. गोळ्यांनी दिवसभर गुंगी यायची आणि मूठ जिथल्या तिथे.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," एकदा काका त्यांना हसवायला म्हणाले. काकू हसल्या नाहीत, ढसाढसा रडल्या. काकांनी पुन्हा कधी तो विनोद केला नाही.

त्यांचा मुलगा शेजारच्या गल्लीत राहायचा. दुकान बंद पडू नये म्हणून त्याने तयार कपडे आणून विकायचं ठरवलं होतं. कपड्यांना रॅक हवेत, रॅकना जागा हवी आणि जागा टेबलाने अडवलेली. मुलगा वाईट नव्हता. त्याला आईची भीती वाटायची, म्हणजे आईसाठी.

"आई, ती कात्री बघ केवढी! एका हाताने कापायला गेलीस आणि बोट तुटलं तर?"

"बोट माझं, कात्री माझी."

"आणि दवाखान्यात धावायचं मी!"

काकू टेबलाला टेकून उभ्या राहिल्या. "हे बघ. तुझे रॅक येईपर्यंत मी याच टेबलावर एक कोट कापून दाखवते. कापला, तर टेबल इथून हलणार नाही. नाही जमलं, तर ते उचलायला माणसं मीच बोलावते."

मुलाने चटकन मान डोलावली, कारण मूठ त्याच्या डोळ्यांसमोर होती. कोट होणार नाही असं खरं तर काकूंनाही वाटत होतं. पण तसं कबूल करायला त्यांची जीभ वळेना.

तपासणीच्या दिवशी त्यांनी डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं, "आता काही राहिलंय का, की हात असाच घेऊन जायचं?"

"एक राहिलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गांजाच्या झाडापासून काढलेलं तेल. कायद्याने चालतं, फक्त माझ्या चिठ्ठीवर मिळतं. जिभेखाली थेंब घ्यायचे."

काका खोकले. त्यांना खोकला नव्हता, हसू दाबत होते. दुकानामागच्या बोळात गांजा ओढत बसणाऱ्या टोळक्याला काकूंनी कापड मोजायचा लाकडी गज घेऊन पळवलं होतं, एकदा नाही, अनेकदा. त्यांतला एक जण तर गज पाठीवर बसल्यापासून पलीकडच्या रस्त्याने जायचा.

"गांजा? मला? या वयात?"

"ओढायचा नाहीये हो, काकू. आणि जादूही नाही. मेंदूतली जी जागा गेली ती यानं परत येणार नाही. आखडलेलं थोडं सैल होईल, दुखणं कमी होईल. काहींना होतं, काहींना नाही. सुरुवात अगदी थोड्यानं करू. अंगाला सवय होईपर्यंत कात्रीला हात लावायचा नाही. चक्कर आली, घाबरल्यासारखं झालं, तर लगेच मला कळवायचं. आणि बोटांचा व्यायाम रोजच्या रोज."

पहिल्या संध्याकाळी काकू थेंब घेऊन खुर्चीत ताठ बसल्या, नशा चढण्याची वाट बघत. काका समोर बसले, न जाणो, बाई गायलाबियला लागली तर! तोंड कोरडं पडलं, डोळे जड झाले आणि काकू बसल्या जागी घोरू लागल्या. सकाळी उठल्या तेव्हा काही घडलं नव्हतं. एवढंच की कळांनी एकदाही उठवलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी थेंब जपून वाढवले. काका रोज काकूंची मूठ मांडीवर घेऊन एकेक बोट उलगडत, चुरगळलेलं कापड हातानं सारखं करावं तसं. आणि मग अंगठा बाहेर आला. त्यानंतर बाकीची बोटं, मागून करंगळी, तीही कुरकुरत. एका दुपारी काकूंनी तळवा टेबलावर टेकवला. तो सपाट नव्हता, पण टेकला होता. काकांनी मशीन थांबवलं आणि उगाच चष्मा पुसत बसले.

गल्लीत बोलबाला झाला. "काकू, काय केलंत हो?" जो तो विचारी.

"व्यायाम," काकू ठासून सांगत. गजवाल्या बाईने गांजाचं नाव कोणत्या तोंडाने काढायचं? बाटलीसुद्धा त्यांनी लपवली होती. गिऱ्हाइकाच्या नजरेला पडू नये म्हणून मशीनच्या खणात, रिळं आणि सुयांच्या मागे. त्याच खणात मशीनला द्यायच्या तेलाची बाटली असायची. तीही तेवढीच, तिलाही टोपणाला नळी.

आता असला घोटाळा शिंप्याच्या घरातच होऊ शकतो. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, खणात हात घातला, हाताला लागली ती बाटली घेतली आणि मशीनच्या एकेका भोकात प्रेमाने थेंब सोडले. बाटलीत थोडंसंच उरलेलं बघून तेही ओतून टाकलं.

"अगं, आज मशीन बघ कसं लोण्यासारखं चालतंय!"

काकूंना उग्र, पाल्यासारखा वास आला. त्या काठी टेकत आल्या, रिकामी बाटली बघितली आणि कपाळाला हात लावला.

"अहो, माझं औषध पाजलंत त्याला!"

काका पांढरेफटक पडले. मशीन मात्र मजेत होतं.

चिठ्ठीशिवाय दुसरी बाटली मिळणार नव्हती, आणि चिठ्ठी मागायची तर काय झालं ते सांगावं लागणार होतं. काकूंना ते नको होतं. "राहू दे. व्यायाम आहे ना," त्या म्हणाल्या. इतके दिवस लोकांना सांगता सांगता त्यांना स्वतःलाही ते पटलं होतं. व्यायाम त्यांनी दुपटीने केला. तरी बोटं पुन्हा आत वळू लागली. कळा आल्या, झोप गेली. आणि एके दिवशी अंगठा परत बोटांखाली जाऊन बसला. त्याच दिवशी मुलगा सांगत आला, सुताराने रॅक तयार केलेत, या आठवड्यात आणून देतो म्हणतोय.

काकूंनी मुठीकडे बघितलं, मग टेबलाकडे. "अहो, चला. दवाखान्यात."

दवाखान्यात निम्मी गल्ली बसली होती. खिडकीतल्या कंपाउंडरने मोठ्यांदा विचारलं, "काकू, तुमची तारीख लांब आहे. मध्येच कशाला आलात?"

काकूंनी एकवार मागे पाहिलं. मग अशा आवाजात बोलल्या की शेवटच्या बाकावरच्या बहिऱ्या आजोबांनाही ऐकू गेलं. "माझं गांजाचं औषध आमच्या ह्यांनी शिलाई मशीनला पाजलं. मशीन बरंय. मी बरी नाही. दुसरी चिठ्ठी पाहिजे."

मग हसण्याचा असा लोट उठला की डॉक्टरीणबाई दार उघडून बाहेर आल्या. काकाही हसत होते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आणि काकूंच्या लक्षात आलं, आपल्याला लाज वाटायला हवी होती, पण वाटत नाहीये. उलट छातीवरचं ओझं उतरलंय. शेजारच्या बाकावरची एक बाई, जिचा नवरा त्यांच्यासारखाच झटक्याने आखडून घरी पडला होता, जवळ सरकून हळूच म्हणाली, "काकू, आमच्या ह्यांच्यासाठी विचारू का हो डॉक्टरांना?"

"हळू कशाला बोलतेस? मोठ्यानं विचार," काकू म्हणाल्या.

नवी बाटली काकूंनी उघड्यावर, आरशाखालच्या फळीवर ठेवली. हात पुन्हा उलगडायला वेळ लागला. सुतारानेही जातीचा धर्म पाळला आणि रोज 'उद्या'चा वायदा करत राहिला. डॉक्टरीणबाईंनी कात्री धरायची परवानगी दिली त्या सकाळी काकूंनी कपाटाच्या तळातून राखाडी लोकरी कापड काढलं. लग्नानंतर काकांच्या कोटासाठी घेतलेलं. आधी गिऱ्हाइकं, मग घरचे, असं करता करता ते तिथेच राहिलं होतं. आख्ख्या गल्लीला कोट घालणाऱ्या माणसाला स्वतःचा कोट नव्हता. कापड एकच होतं, चुकलं तर दुसरं नाही.

मुलगा दारात उभा राहिला. "आई, आधी एखाद्या जुन्या चादरीवर..."

"मी कापताना बोलायचं नाही, हे या घरात तू पाळण्यात होतास तेव्हापासून आहे."

काकूंनी डावा तळवा कापडावर ठेवला. तो किंचित थरथरला, मग टेकला, आणि जड, थंड लोकर हाताखाली ओळखीची वाटली. कात्री निघाली. तळवा सरकला, थांबला, पुन्हा सरकला. वेळ लागला. पूर्वी लागायचा त्याच्या कितीतरी पट लागला. पण रेघ कुठेही डगमगली नाही, आणि शेवटचा तुकडा सुटून खाली पडला तेव्हा मुलगा पुढे होऊन तो उचलायला वाकला आणि बराच वेळ वर आलाच नाही. उठला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

"रॅक भिंतीला ठोकून घेतो," तो म्हणाला.

काकांनी कोट शिवला, स्वतःचाच, आणि मशीन खरोखर लोण्यासारखं चाललं. कोट अंगात घालून ते आरशासमोर, काकूंकडे पाठ करून उभे राहिले. त्यांना सांगावं लागलं नाही. काकूंनी डावा हात वर नेला, अंगठा एका खांद्याला टेकवला आणि करंगळी ताणली. ती पुरती ताणली गेली नाही. वीत टाकत टाकत त्या दुसऱ्या खांद्यापाशी पोचल्या आणि घोटाळल्या.

"पूर्वीपेक्षा बोटभर जास्त भरतंय," त्या हळूच म्हणाल्या. "माझी वीत आखूड झाली हो."

काकांनी आरशातून त्यांच्याकडे बघितलं. "छे गं. माझी पाठ रुंदावली. एवढा कोट घालायचा म्हणजे!"

या वेळी काकू हसल्या, आणि हात तसाच पसरलेला त्यांच्या पाठीवर राहू दिला.