नहरीवरची फक्की

आमच्या सरांचं या जुन्या शहरावर फार प्रेम होतं. अडचण एवढीच होती की शहरात माणसं राहतात, आणि ती फोटोत मध्ये येतात. हे मी रागाने लिहिते आहे. तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं.

मी पुरातत्त्व शिकायला छत्रपती संभाजीनगरला आले ती फर्दापूरकडच्या एका वस्तीवरून. आमची मेंढरं अजिंठ्याच्या डोंगरात चरायची. खाली लेणी बघायला आलेल्यांच्या गाड्यांची रांग असायची. एवढ्या लांबून ही माणसं येतात, तर त्या भिंतींवर काय आहे ते आपल्यालाही कळलं पाहिजे, या एका हट्टापायी मी कॉलेजात नाव घातलं. वडील म्हणाले, "दगडंच बघायची तर इथं कमी हायत का?" पण एसटीत बसवून द्यायला तेच आले होते.

खोली मिळाली ती जुन्या मोहल्ल्यात, मावशींकडे. मावशी म्हणजे घरमालकीण. नवरा गेल्यापासून वरच्या दोन खोल्या मुलींना भाड्याने द्यायच्या. बोलायला फटकळ, पण दार कधी लावलेलं नाही. त्यांच्या अंगणात दगडी हौद होता आणि त्यात हर्सूलकडून येणाऱ्या जुन्या नहरीचं पाणी पडायचं. निजामाच्याही आधी कुणीतरी हे पाणी जमिनीखालून बांधून आणलं. शेवटी ते खापराच्या नळातून घराघरांत जायचं. बहुतेक फाटे केव्हाच बुजलेत, आमच्या गल्लीचा तेवढा चालू होता. शहराच्या नळाला पाणी कधी येईल याचा काही नेम नसतो, त्यामुळे धुण्याभांड्याला सगळी गल्ली मावशींच्या हौदावर यायची. मावशी सगळ्यांना शिव्या घालायच्या आणि सगळ्यांना पाणी भरू द्यायच्या.

हे मी वर्गात बोलले आणि सरांचे डोळे चमकले. वाहती नहर! पाहणी ठरली. खापराचा नळ गल्लीबाहेरच्या मोकळ्या जागेतून कुठून कुठे जातो ते आम्ही दोन आठवडे शोधलं. मग सरांना वरून, ड्रोनने फोटो हवा होता, आणि जमिनीखालची गोष्ट वरून दिसत नाही. म्हणून त्यांनी चुन्याची गोणी मागवली आणि नळाच्या डोक्यावरून सरळ फक्की मारून घेतली. पांढरीशुभ्र रेघ. फोटो झकास आला.

संध्याकाळी मावशींनी विचारलं, "तिकडं कुनाचं घर बांधायलेत का गं? फक्की मारलीय."

आमच्याकडेही फक्की म्हणजे पायाची रेघ. तिचा एकच अर्थ: इथं खणा. सकाळी मी सरांना गाठलं आणि ती पुसून टाकू या म्हणाले. सर हसले. "अगं, ती पुरातत्त्वाची खूण आहे. अजून फोटो लागतील, राहू दे." पुरातत्त्वाची खूण! जणू चुन्याला पदवी मिळाली होती.

दोन दिवसांनी केबल टाकणाऱ्या ठेकेदाराचा जेसीबी आला. मुकादमाला कुणीतरी सांगितलं होतं, मोकळ्या जागेतून चर घ्यायचाय. त्याला तिथं आयती रेघ दिसली. त्याने इमानेइतबारे, एक फूट इकडे नाही की तिकडे नाही, रेघेवरून खणत नेलं. मी धावत पोचले तेव्हा खापराचे तुकडे मातीच्या ढिगावर पडले होते आणि चरात गुडघाभर पाणी साचलं होतं. गल्लीतल्या बाया कळशा घेऊन तिथंच उतरल्या होत्या, कारण हौद कोरडा पडला होता.

मुकादम म्हणाला, "चुना तुमीच टाकलता ना? मग?" आणि तंबाखू मळत बसला.

मला वाटलं, सर आता त्याची गचांडी धरतील. सर आले, चराच्या काठावर उभे राहिले आणि त्यांचा चेहरा खुलला. "काय सुंदर सेक्शन मिळालाय!" म्हणजे जमिनीचा उभा छेद, थरावर थर. एरवी परवानग्या काढून, महिनाभर खणून जे दिसलं असतं ते जेसीबीने एका सकाळीत दाखवलं होतं. त्यांनी आम्हाला टेप आणि आलेखाचे कागद आणायला पिटाळलं आणि बायांना ओरडले, "बाहेर व्हा, कड ढासळेल!" एक म्हातारी अर्धी कळशी घेऊन निमूट वर चढली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी म्हणाले, "सर, फुटलेल्या नळाची दोन्ही तोंडं दिसतायत. मधे पाइप टाकला तर पाणी चालू होईल. उद्या ते चर बुजवणार आहेत."

"पीव्हीसी?" सरांनी नाक मुरडलं. "ऐतिहासिक वास्तूत प्लास्टिक? हेच शिकवलं का मी? आहे तसं राहू दे. अस्सलपणा महत्त्वाचा."

बोंबलायला अस्सलपणा! फुटलेला नळ अस्सल आणि वाहता नळ भेसळीचा, हे शास्त्र मला आजवर कळलेलं नाही. मी हट्ट सोडेना, तेव्हा सरांनी गोड आवाजात आठवण करून दिली की माझ्या प्रबंधावर त्यांची सही व्हायची आहे.

दुसऱ्या दिवशी सर क्रांती चौकात फ्लेक्स छापायला गेले. पुढच्या आठवड्यात नहर बघायला बाहेरचे पाहुणे येणार होते. इकडे मी मावशींच्या मोरीमागे पडलेला पाइप ओढत चरापाशी नेला. गल्लीत एक चाचा नळजोडणीची कामं करायचे. ते वाकून बघत म्हणाले, "इत्ताच है? फिर रोना कायको?" मी चिखलात उतरून पाइप धरला, त्यांनी दोन्ही तोंडांना गोणपाट गुंडाळून सिमेंट थापलं. ते ओलं असेपर्यंत मावशी मुकादमासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, आणि त्याने जेसीबी सुरू करायची हिंमत केली नाही. दुपारनंतर हौदात पाणी पडू लागलं. धार आधीपेक्षा बारीक होती, पण होती.

सरांना हे कळायचं तेव्हा कळलंच. आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. मग पाहुणे आले आणि सर त्यांना घेऊन थेट मावशींच्या अंगणात. हौदाच्या काठावर हात ठेवून ते म्हणाले, "चारशे वर्षं झाली. एकदाही कुणाचा हात न लागता हे पाणी असंच वाहतंय."

मी दारातच उभी होते. "सर, मधे पाइप आहे," मी म्हणाले. मोठ्याने.

"आमची विद्यार्थिनी," सर पाहुण्यांकडे बघून हसले. "गंमत करते."

मावशी भांडी घासत होत्या. त्यांनी राखेचे हात तसेच ठेवून मान वर केली. "गंमत कशाची? पाइप माज्या मोरीचा हाय. आन हात लागला नाय म्हनता? तुमी सोडून समद्या गल्लीचा हात लागलाय त्याला."

एका पाहुण्याने कॅमेरा खाली घेतला. सर घड्याळात बघत बाहेर पडले.

माझ्या प्रबंधावर त्यांनी सही केली नाही. दुसरे मार्गदर्शक मिळेपर्यंत माझं वर्ष गेलं. राग येतो का, असं मैत्रिणी विचारतात. येतो, लई येतो. पण ते वर्ष मी मावशींकडेच काढलं. पहाटे खाली हौदावर बादल्या आपटायला लागल्या की झोपमोड व्हायची, आणि एवढ्या एका आवाजावर मला कधी चिडता आलं नाही.