काकूंच्या तळहातावरचा आकडा

इस्त्रीकाकांचे हात कायम गरम. सबंध जन्म इस्त्रीच्या टेबलाशी गेला, त्याचा परिणाम असेल, नाहीतर मूळचाच माणूस तसा. डोकं मात्र थंड. गिऱ्हाईक कितीही तापलेलं असो, काका "होऊन जाईल" म्हणायचे आणि कपडे खरंच वेळेवर मिळायचे. काकूंना साधा ताप आला तरी मात्र त्यांचा जीव टांगणीला लागायचा.

आणि या वेळी साधा ताप नव्हता. पोटाचं मोठं ऑपरेशन झालं आणि काकू अतिदक्षता विभागात, तोंडात नळी, शुद्ध नाही. तळहातावर, अंगठ्याखालच्या मांसल भागावर, एक पट्टी चिकटवलेली. तिच्यातून प्रकाश आत जातो आणि तिथल्या मांसाला प्राणवायू किती पोचतोय ते पडद्यावर दिसतं, कुठे टोचावं लागत नाही, असं सिस्टरने समजावलं. काकांनी त्यातलं एवढंच मनात धरलं, की आकडा वर तर काकू बऱ्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी तो हात सहज हातात घेतला. नुसता बर्फ. चोळत बसले, तर आकडा चढायला लागला! सोडला की उतरे, धरला की चढे. झालं. काकांनी तिथेच ठाण मांडलं. जेवणाची शुद्ध नाही, झोपेचा पत्ता नाही.

मुलगी म्हणाली, "बाबा, घरी जाऊन जरा पाठ टेका. मी धरते ना हात."

"तुझे हात गार आहेत."

पोर बाहेर जाऊन रडली, हे त्यांच्या गावीही नव्हतं. खरं तर चार शब्द सुनावावेत असंच ते वागणं. पण जो माणूस आपल्या बायकोला नुसत्या तळव्यांनी जगवू बघतोय, त्याला कोण सुनावणार?

डॉक्टरही त्या आकड्यावर विसंबले होते. लघवी कमी, पाय गार, बाकी काहीच मनासारखं नव्हतं. पण हातावरचा आकडा चांगला, म्हणून पुन्हा पोट उघडायला ते थांबले होते. एका सकाळी काका तोंड धुवायला उठले आणि सिस्टरने आकडा गडगडताना पाहिला. ते परत येऊन बसले तसा तो वर. तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

"काका, हात सोडा."

"नाही. ती जाईल."

"अहो, तुमच्या उबेने तेवढ्याच जागेत रक्त वाढतं. आकडा तिथलाच चढतो. आत काय चाललंय ते आम्हाला कळतच नाहीये."

काकांनी पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे मीच झाकून ठेवलं?"

"तुम्ही माया केलीत. पण आता आम्हाला बघू द्या."

त्यांनी एकेक बोट सोडवलं. आकडा उतरत गेला आणि ते तो बघत बसले. त्या माणसाने जन्मात याहून अवघड काम केलं नसेल. सिस्टरने पट्टी काढून कपाळावर दुसरी लावली, तिथेही आकडा खालीच. डॉक्टर धावत आले. पोटात आतल्या आत रक्त झिरपत होतं. काकूंना पुन्हा ऑपरेशनला नेलं.

बाहेरच्या बाकावर काका मुलीशेजारी टेकले. "तुला उगाच बोललो गं," म्हणाले. तिने त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

काकू वाचल्या. शुद्धीवर आल्या तेव्हा नळी अजून तोंडातच होती, आणि हात चादरीवर चाचपडत होता. काका पायथ्याशी उभे, दोन्ही हात खिशात कोंबून.

"काका, पुढे या की," सिस्टर म्हणाली.

"नको. आकडा बिघडेल."

"आकडा कपाळावर आहे हो. त्या तुमचा हात शोधतायत."

काका बिचकत पुढे झाले. हात हातात घेतला आणि तसेच थबकले. डोळे घळाघळा वाहायला लागले. मग वळून त्यांनी मुलीला जवळ ओढलं आणि तो हात तिच्या हातात दिला.

"धर, तूच धर. बघ, हिचा हात आपला आपणच गरम झालाय."